पडद्यावरचा प्लेग

परीक्षा आटोपून सुटी लागली कीं घरोघरचे मुलगे संगणकासमोर बसून राज्यें चालवूं लागतात, आणि वडील मंडळींचा जीव खालींवर होतो. वास्तविक या खेळांत नुसती मारामारी नसते. समोर नकाशा असतो. आपला राजा, त्याचे सरदार, सोयरीकी, वारसाहक्काचे तंटे, खजिना आणि सारा यांची व्यवस्था खेळणाऱ्यानें पाहावयाची असते. स्वीडनमधील पॅराडॉक्स या कंपनीनें काढलेला ‘क्रूसेडर किंग्ज’ हा त्यांपैकीं एक नांवाजलेला खेळ. २०१४ सालीं त्याच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नकाशांत हिंदुस्थानचा समावेश झाला, त्यामुळें दख्खनच्या एखाद्या राजाची गादीही आतां आपल्या चिरंजीवांस मिळूं शकते. पुढें २०१६ सालीं ‘द रीपर्स ड्यू’ नांवाची पुरवणी निघाली आणि तींत प्लेग व इतर सांथी यांचा बंदोबस्त हाच खेळाचा एक प्रमुख भाग झाला. तिसऱ्या आवृत्तीसही २०२४ सालीं तशीच पुरवणी मिळाली आहे.

मुलगा या प्लेगशीं कसा झगडतो हें एकदां शेजारीं बसून पाहण्याजोगें आहे. नकाशावर दूर कोठें तरी रोग दिसूं लागतो, मग एका प्रांतांतून शेजारच्या प्रांतांत सरकूं लागतो. रुग्णालयें आधींच बांधून ठेवलीं असतील तर त्याचा जोर कमी पडतो. सांथ उंबऱ्याशीं आल्यावर बांधावयास घेतलीं तर त्यांचा फारसा उपयोग नाहीं. राजवाड्याचे दरवाजे लावून आंत बसतां येतें, पण धान्य संपत आलें म्हणजे बंद दरवाजाच घातक ठरतो. दरबारीं वैद्य ठेवतां येतो. त्याचा उपाय कधीं गुण देतो, कधीं रोगापेक्षां भयंकर ठरतो. (साऱ्या खेळांत हाच भाग आम्हांस सर्वांत वास्तवाला धरून वाटला.) इतक्या गोष्टी पंधरा वर्षांच्या मुलाच्या ध्यानांत खेळतां खेळतां येत असतील, तर त्या खेळास सरसकट नांवें ठेवणें आम्हांस पटत नाहीं.

आमचा आक्षेप निराळा आहे. या खेळांतील राजास रोग कोठें शिरला आहे हें नेहमींच ठाऊक असतें. नकाशा तें आपण होऊन सांगतो. प्रजा मरते, पण कांहीं लपवीत नाहीं. खरा प्लेग नेमका याच ठिकाणीं खेळापासून फारकत घेतो. आणि त्याचा दाखला शोधण्यास युरोपच्या चौदाव्या शतकांत जाण्याचें कारण नाहीं. आपल्या सातारा-सांगलीकडे तो सव्वाशें वर्षांपूर्वीं घडून गेला आहे.

मुंबईस मांडवी भागांत सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं हा रोग ओळखला. शहर सोडून माणसें आपापल्या गांवीं पळूं लागलीं. पुण्याहून मिरजेकडे जाणारी आगगाडी १८९० च्या सुमारास सुरू झालेली होती; कऱ्हाड, मिरज हीं ठिकाणें पुण्यामुंबईस पूर्वींसारखीं दूर राहिलीं नव्हतीं. त्या काळचा सातारा जिल्हाही आजच्याहून मोठा. वाळवें, तासगांव, खानापूर हे तालुके त्यांतच मोडत, आणि मधून मधून सांगली, मिरज, औंध अशा संस्थानांचे तुकडे. (आजचा सांगली जिल्हा १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ या नांवानें निघाला व १९६० सालीं त्यास सध्यांचें नांव मिळालें.) थोड्या कोसांत राज्य बदले, कायदा बदले, उंदरास मात्र हद्द ठाऊक नव्हती. १९०१ ची शिरगणती झाली तेव्हां सातारा जिल्ह्याची वस्ती १८९१ पेक्षां कमी भरली. त्यांत दुष्काळाचा वांटा होता, तसाच प्लेगचाही होता.

सरकारानें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा केला. प्रवाशास अडवावें, घरांत शिरून तपासावें, रोग्यास उचलून इस्पितळांत न्यावें, इतका अधिकार त्यानें हातीं आला. पुण्यास प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून जे रँडसाहेब नेमले गेले ते सातारकरांस अपरिचित नव्हते. ते पूर्वीं याच जिल्ह्यांत असिस्टंट कलेक्टर होते, आणि १८९४ सालीं वाईच्या वाद्यबंदीच्या प्रकरणांत तेथील प्रतिष्ठित गृहस्थांस त्यांनीं तुरुंगांत धाडलें होतें. ज्यानें काल बेड्या घातल्या तोच आज औषध घेऊन दाराशीं उभा! मार्च ते मे १८९७ पर्यंत पुण्यांत गोऱ्या शिपायांनीं घरें तपासलीं. रोगी इस्पितळांत, घरचीं माणसें छावणींत, आणि सामानसुमान आगींत अशी रीत पडली. २२ जूनच्या रात्रीं काय घडलें तें सर्वांस ठाऊकच आहे. आम्हांस येथें त्या गोळीपेक्षां एका मुक्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे, तो म्हणजे लपवालपवीचा.

घरांत ताप आला कीं पहिला विचार वैद्याचा न येतां दार लावण्याचा येऊं लागला. वीस-पंचवीस पानें उठणाऱ्या वाड्यांत एक माणूस पंक्तीस दिसला नाहीं तर परक्यास काय कळणार? रोग्यास माळ्यावर किंवा कोठीच्या खोलींत निजवावें, मृत्यु झाल्यास साधा ताप म्हणून सांगावें, शक्य तर रात्रींच उरकावें. एकत्र कुटुंबाचें जें बळ, माणसानें माणसास उघडें न पाडणें, तेंच येथें घातक झालें; कारण ज्या कोठींत रोगी लपला तेथेंच धान्य, तेथेंच उंदीर, आणि शेजारच्या खोलींत लेंकरें. त्यांतून गांठ उठे ती कांखेंत किंवा जांघेंत. परक्या पुरुषापुढें, तोही शिपाई, उभें राहून ती दाखविण्यापेक्षां एखादी सून सासूजवळही बोलत नसेल, तर तिला दोष कोणी द्यावा? रोग कळविणें म्हणजे आपला माणूस, आपली अब्रू आणि आपलें सामान एकदम स्वाधीन करणें असा अर्थ ज्या दिवशीं झाला, त्या दिवशीं सरकारच्या नकाशावरील डाग पुसले गेले. रोग होता तेथेंच राहिला.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. रोगाचा जंतु येर्सिन यानें १८९४ सालींच हाँगकाँगांत शोधला होता. परंतु तो उंदरावरील पिसवांच्या द्वारें माणसास होतो हें सीमाँ यानें १८९८ सालीं कराचीस सांगितलें तेव्हां तें कोणी मानलें नाहीं; १९०५ पासून मुंबईस जें पद्धतशीर संशोधन झालें त्यानंतर तें मान्य झालें. तोंपर्यंत अधिकाऱ्यांचा सारा भर धुण्यावर. भिंतींवर कार्बॉलिकचा मारा करावा, जमिनी उकराव्या, ऊन आंत येण्यासाठीं कौलें उतरावीं. परिणाम असा होई कीं डिवचलेले उंदीर शेजारच्या घरांत जात आणि रोगही त्यांच्याबरोबर जाई. याउलट आपल्या खेड्यांतील अडाणी म्हणविलेल्या माणसांनीं एकच खूण पाहून ठेविली होती. ‘उंदीर पडला’ एवढे दोन शब्द कानीं आले कीं गांव सोडून रानांत झोपड्या घालून राहावयाचें. मेलेल्या उंदराच्या अंगावरून उपाशी पिसवा निघतात व माणसास डसतात, तेव्हां त्या घरापासून दूर जाणें हा त्या काळीं उपलब्ध असलेला उत्तम उपाय होता. कारण त्यांस ठाऊक नव्हतें, उपाय ठाऊक होता. कडक कोरडा उन्हाळा पडला कीं पिसवा तग धरीत नाहींत, म्हणून तोंवर सांथ ओसरे आणि माणसें परतत. त्यांतही खोट होती. म्हातारी माणसें उंबरा सोडीत ना, मागें चोऱ्या होत, आणि धान्याच्या पोत्यांतून उंदीर व पिसवा झोपडींतही येऊन पोंचत. असो. पुढें सरकारानेंही जुलूम सोडला आणि गांव सोडण्यास व लस टोंचून घेण्यास उत्तेजन देण्याचें धोरण धरिलें. सोल्जर दाराशीं येईनासा झाला, तेव्हां कोठें उंदीर पडल्याची खबर लपविण्याचें कारण कमी झालें.

लसीची गोष्टही विश्वासाचीच. हाफकिन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं आपली लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. तरी १९०२ सालीं पंजाबांत मलकोवाल येथें एका बाटलींतील लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. पुढें हाफकिन निर्दोष ठरले. परंतु अशी बातमी जितक्या लवकर गांवोगांव जाते तितक्या लवकर निर्दोषत्वाचा निकाल जात नाहीं.

सातारा जिल्ह्यानें या काळांत दुसऱ्या प्रकारचेंही एक उदाहरण दिलें आहे. खंडाळा तालुक्यांतील नायगांवीं जन्मलेल्या सावित्रीबाई फुले या तेव्हां पुण्यास होत्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनीं हडपसराजवळ माळरानावर प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना चालविला, सावित्रीबाई तेथें रोग्यांची शुश्रूषा करीत, आणि त्यांतच १० मार्च १८९७ रोजीं त्या प्लेगनें वारल्या. पुण्यांतील झडत्या सुरू होण्याचे तेच दिवस. एका दाराशीं बंदुकवाला आला तर रोगी माळ्यावर जाई. दुसऱ्या ठिकाणीं रोगी आपण होऊन नेला जाई. खेळाच्या नकाशांत हीं दोन्हीं ठिकाणें एकाच चिन्हानें दाखवितात: ‘रुग्णालय’.

प्लेग आतां गेला असें समजण्याचेंही कारण नाहीं. १९९४ सालीं बीड जिल्ह्यांत मामला गांवीं तो पुन्हां दिसला. फरक इतकाच कीं आज स्ट्रेप्टोमायसीन, डॉक्सिसायक्लीन यांसारखीं औषधें वेळेवर मिळालीं तर रोगी वांचतो. ‘वेळेवर’ याचा अर्थ मात्र १८९७ सालचाच आहे: घरच्यांनीं लवकर सांगितलें पाहिजे. मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या वेळीं तोच १८९७ चा कायदा पुन्हां बाहेर काढावा लागला. सांगली जिल्ह्यांतील इस्लामपुरांत त्या महिन्यांत वीसहून अधिक रोगी निघाले होते; संपर्कांत आलेलीं माणसें हुडकून, निराळीं ठेवून ती सांथ तेथें आटोक्यांत आणली गेली. माणसें हुडकतां येण्यास कोणीतरी नांवें सांगावीं लागतात.

तेव्हां ज्या घरांत हा खेळ चालतो तेथें यंत्र बंद करण्यापेक्षां आम्ही एक निराळी युक्ति सुचवूं. चुलत-आत्ये भावंडें सुटींत जमलेलीं असतातच. राजा झालेल्या मुलानें पडद्याकडे पाठ करून बसावें. नकाशा इतरांनीं पाहावा, प्रत्येकानें एकेका प्रांताचा पाटील व्हावें आणि रोगाची खबर हवी तर द्यावी, हवी तर दाबावी. राजानें फक्त हुकूम सोडावा. आमच्याकडे मुलांनीं हें करून पाहिलें. पहिल्या डावांत राजानें रोगी प्रांतांतील धान्य जप्त केल्याचा हुकूम सोडला. दुसऱ्या डावांत प्लेग राजधानीच्या शेजारीं येऊन ठेपला तरी त्याच्या कानावर कांहींच नव्हतें. चौकशी करतां कळलें कीं सर्वांत धाकटी बहीण जिची पाटील होती त्या प्रांतांत तो केव्हांच शिरला होता. ‘मग सांगितलें कां नाहींस?’ म्हणून दादानें डोळे वटारले, तेव्हां ती शांतपणें म्हणाली, ‘मागच्या वेळीं सांगितलें होतें, तर तूं आमची ज्वारी नेलीस.’