आधी कात्री, मग कॅमेरा
1 ऑगस्ट 1981 रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि पहिलं गाणं लागलं ते बगल्सचं ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’. दिग्दर्शक रसेल मुल्केही, ऑस्ट्रेलियन गडी, मूळचा संकलक. तिकडच्या सेव्हन नेटवर्कमध्ये असताना हाताशी पडलेली फुटकळ दृश्यं लोकप्रिय गाण्यांवर कापून बसवायची, यातच त्याचा हात तयार झाला. पुढं ड्युरान ड्युरान या बँडला श्रीलंकेत नेऊन त्यानं थेट सिगिरियाच्या खडकावर उभं केलं. त्याच्याच ‘टोटल इक्लिप्स ऑफ द हार्ट’ या गाण्याच्या व्हिडिओमध्ये तर उडते पडदे काय, चमकत्या डोळ्यांची शाळकरी पोरं काय, कशाचा कशाला मेळ नाही! पण काप बरोबर ठेक्यावर, त्यामुळे हसू येता येता आपण बघतच राहतो. त्याचा 1986चा ‘हायलँडर’ हा सिनेमा गोष्ट म्हणून यथातथाच, असं माझं मत. त्यातल्या क्वीन बँडच्या गाण्यांचे चाहते भांडतील, भांडोत. सिनेमातली दृश्यं जोडण्याची करामत मात्र बघा. न्यूयॉर्कमधल्या माशांच्या पेटीतून कॅमेरा वर सरकतो आणि पाण्याबाहेर डोकं काढतो तो शेकडो वर्षांपूर्वीच्या स्कॉटलंडमधल्या तळ्यात. असा सांधा आधी संकलकाच्या डोक्यात तयार होतो, चित्रीकरण नंतर.