आधी जिना दाखवा

उन्हाळ्याची सुटी तोंडावर आली, की सुरतेतील आमच्या देवळांच्या सूचनाफलकांवर कीर्तनाच्या सूचनेसही जागा उरत नाही. चित्रकला, नृत्य, स्केटिंग, अबॅकस, बुद्धिबळ, सुंदर हस्ताक्षर, श्लोकपठण अशा नाना वर्गांचे रंगीत कागद तेथे एकावर एक डकवलेले असतात. आरती संपून एका हातात प्रसाद पडतो, तोच दुसऱ्या हातात पत्रक येते. उधना, लिंबायत, डिंडोली ह्या बाजूंस खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. आईबाप दोघेही कामावर जाणारी घरे त्यांत पुष्कळ. सुटीच्या दिवसांत मुलांचे काय करावे, हा त्यांचा खरा प्रश्न आहे आणि पत्रकवाल्याने तो अचूक हेरलेला असतो.

हेरला तर त्यात गैर काय, असे कोणी विचारील. काहीच नाही. घरच्या दोन खोल्यांत पंधरा मुलांना रंग व कागद देऊन संसाराला हातभार लावणाऱ्या बाईविषयी आमच्या मनात आदरच आहे. तिने जाहिरात करू नये, असे आम्ही म्हणत नाही. न केल्यास तिच्याकडे येणार कोण? आमचे भांडण आहे ते त्या पत्रकाशी. गतवर्षीच्या करंडकांची छायाचित्रे त्यावर असतात. ‘पहिल्या पन्नास मुलांस सवलत’ असते, ‘एका भावंडाबरोबर दुसरे निम्म्या शुल्कात’ असते, आणि मुलाचा मेंदू महिन्याभरात तल्लख करून देण्याची हमीही असते. पण वर्ग कितव्या मजल्यावर भरतो, वर जाण्याचे जिने किती, एका शिक्षकामागे मुले किती आणि वर्ग सुटल्यावर मूल कोणाच्या हाती सोपवितात, ह्यांविषयी एक अक्षर नसते. बापाने विचारावयाचे ते नेमके गाळलेले, आणि न विचारलेले मात्र ठळक अक्षरांत!

हे आम्ही सुरतेत बसून लिहीत आहोत, म्हणून अधिक बोलण्याची गरज पडू नये. २४ मे २०१९ च्या दुपारी, ऐन सुटीत, सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड ह्या इमारतीस आग लागली. सर्वांत वर, छपरावर उभारलेल्या तकलादू बांधकामात मुलांचा वर्ग चालू होता. आरेखन शिकण्यासाठी, पुढे वास्तुकलेच्या परीक्षेस बसण्यासाठी मुले तेथे येत. वर जाणारा जिना लाकडी होता. तो जळाला आणि वाट खुंटली. अग्निशमन दलाच्या शिड्या पुरेशा पोहोचल्या नाहीत. मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. २२ विद्यार्थी गेले. ती दृश्ये साऱ्या देशाने पाहिली आणि आमच्यापैकी कित्येकांनी रस्त्यात उभे राहून पाहिली. लागलीच शहरातील वर्ग बंद करण्याचे हुकूम निघाले, दाखल्यांसाठी धावपळ झाली. पुढे वर्ग उघडले, पत्रकेही परत आली. जिना मात्र पत्रकावर आला नाही.

पाच वर्षे उलटून एकच दिवस गेला होता. २५ मे २०२४ रोजी, शनिवारी, राजकोट येथील टीआरपी गेम झोन नावाचे क्रीडागृह जळाले; २७ माणसे दगावली, त्यांत कित्येक मुले होती. अग्निशमन दलाचा दाखला त्या जागेस नव्हता. आणि त्या शनिवारी तेथे एवढी गर्दी का होती? सुटीच्या दिवसासाठी ९९ रुपयांत प्रवेशाची योजना जाहीर झाली होती म्हणून. जाहिरातीची कला शिकविणारे जिला ‘यशस्वी’ म्हणतील, अशी ती जाहिरात होती. तिने माणसे आणली. आणलेली माणसे बाहेर कशी पडतील, हे पाहणे तिचे काम नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी हा प्रथमदर्शनी मानवनिर्मित अनर्थ असल्याचे म्हटले. त्याच वर्षी जानेवारीत बडोद्याच्या हरणी तलावात सहलीच्या मुलांची नाव उलटून १२ मुले व २ शिक्षिका बुडाल्या. नावेत पेलवतील त्याहून अधिक जीव भरले होते.

सरकार बघून घेईल, असे म्हणणारास आम्ही एक गोष्ट सांगू इच्छितो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत ‘शिकवणी’ची व्याख्या करताना खेळ, नृत्य, नाट्य व इतर सर्जनशील उपक्रम स्पष्टपणे वगळले आहेत, आणि शिकवणी केंद्र म्हणजे पन्नासाहून अधिक विद्यार्थ्यांचे, असे म्हटले आहे. फसव्या जाहिरातींविरुद्धचा सर्वसाधारण कायदा सर्वांसच लागू आहे, हे खरे. तरी आमच्या फलकावरचे पंधरा-वीस मुलांचे चित्रकलेचे किंवा नृत्याचे वर्ग ह्या विशेष नियमांच्या कक्षेबाहेरच राहिले. गुजरातेत अग्निसुरक्षेचा कायदा २०१३ चा आहे. तक्षशिला जळाले तेव्हाही तो होताच.

एक आक्षेप आम्ही ऐकून आहोत. लहान धंदेवाल्यास एवढे कसे परवडावे? जागेची भाडी अस्मानाला भिडलेली. तळमजला मिळत नाही, म्हणून बिचारा वरच्या मजल्यावर जातो. ह्यात तथ्य आहे. परंतु खरे सांगण्यास काय खर्च येतो? ‘वर्ग पहिल्या मजल्यावर, जिने दोन, मुले बारा, शिक्षिका एक, खिडक्यांचे गज उघडणारे, पालकांनी पहिल्या दिवशी सोबत बसावे’, एवढ्या चार ओळी छापण्यास करंडकाच्या छायाचित्राहून कमीच शाई लागेल. रिंग रोडवरच्या कापडबाजारात जाऊन पाहा. पेढीवरचा माणूस गिऱ्हाइकापुढे ताका उलगडतो, पोत हाताला लागू देतो, अर्ज पन्हा मोजून दाखवितो. न उलगडता कोणी ताका विकू लागला, तर सुरतेचा व्यापारी त्यास हसेल. हाच व्यापारी आपला मुलगा मात्र एका चकचकीत कागदावर विश्वासून तिसऱ्या मजल्यावर धाडतो! आणि शहाणी शिक्षिका असेल, तर तिने ओळखावे की घाबरलेल्या आईस सवलतीने जिंकता येत नाही. दोन दरवाजे दाखविले, की ती आपण होऊन चार शेजारणींस सांगते.

आता जागेविषयी. १९४५ मध्ये ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी बोर्डीस काम मांडले, तेव्हा मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ह्याच ताराबाई त्यापूर्वी भावनगरास गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करून गेल्या होत्या, म्हणजे गुजरातेचे व आमचे हे देणेघेणे जुने आहे. अंगणाला जिना नसतो. सुरतेत आज अंगणे उरली नाहीत, परंतु देवळांची सभागृहे आहेत. बहुतेक तळमजल्यावर, रुंद दारांची, सकाळच्या पूजेपासून सायंआरतीपर्यंत रिकामी. लग्नमुंजींना ती भाड्याने देता येतात. मग सुटीच्या एका महिन्यासाठी चित्रकलेच्या बाईंना माफक भाड्यात देण्यास विश्वस्तांची हरकत का असावी? मराठी असोत की कोकणी भाषेतील ‘भुरगीं’, ती देवळाचीच मुले आहेत.

आणि देवळाचा फलक ही काही रस्त्यावरची भिंत नव्हे. त्यावर जे लागते ते देवाच्या साक्षीने लागले, असे साधी माणसे समजतात. पत्रक वाटणारास हे पुरते ठाऊक असते, म्हणून तर तो चौकात न थांबता आरतीस येतो. तेव्हा मजला, जिने, मुलांची संख्या, अग्निशमनाची सोय आणि एकूण शुल्क ज्या कागदावर नाही, तो कागद फलकावर लागू नये, असा ठराव प्रत्येक समितीने सुटीपूर्वी करावा. समितीतील कोणी तरी एकदा तो जिना स्वतः चढून यावे. श्लोकपठणाच्या वर्गासही सूट नको. तो वर्ग पवित्र म्हणून त्याचे छप्पर पक्के, असे होत नाही.

हे लिहिताना आम्हांस आमच्या परिचयाचे एक सभागृह आठवते. मुख्य दार प्रशस्त आहे. मागेही एक दार आहे, गल्लीत उघडणारे. गेल्या उत्सवानंतर घडीच्या खुर्च्या त्या दाराशी रचून ठेवल्या आणि कडीला कुलूप घातले. किल्ली कोणाकडे, हे आम्ही तिघांना विचारले. तिघांनी तीन नावे सांगितली.