मोडी गिरवूनच शिकावी

माळव्यातील आपल्या मराठी घरांतून आजही एखाद्या जुन्या पेटीत मोडी कागद निघतात. अठराव्या शतकात धार व देवास येथे पवारांची राज्ये स्थिरावली, तेव्हा दप्तराची लिपी मोडी होती. आपले बदनावरही धार संस्थानातच होते. हे कागद आपण श्रद्धेने जपतो, पण वाचू शकत नाही. मोडीचा तक्ता पाठ केलेल्यांनाही ते वाचता येत नाहीत. माझ्या मते दोष शिकण्याच्या पद्धतीत आहे. या बाबतीत चिनी शाळांपासून आपण काही घेण्यासारखे आहे.

चिनी लिपीत मुळाक्षरे नाहीत. हजारो चिन्हे आहेत. मुलांकडून ती रेघांच्या ठरावीक क्रमाने गिरवून घेतात : वरून खाली, डावीकडून उजवीकडे, उभ्या रेघेआधी आडवी, चौकट बंद करणारी रेघ शेवटी. १९९७ साली चीनने ७,००० चिन्हांचा क्रम प्रमाणित केला.

आपल्या व्यवसायाचेच चिन्ह पाहा. वैद्यकाचे चिन्ह आज ७ रेघांचे आहे. प्रथम वरची आडवी रेघ, मग आत ५ रेघांचा बाण, शेवटी डावी बाजू व तळ मिळून एकच वळती रेघ. उजवीकडून उघड्या पेटीत ठेवलेला बाण असे त्याचे रूप होते. लिहिताना चिन्हाचे घटक असे वेगळे कळतात. तोच बाण ‘जाणणे’ या अर्थाच्या चिन्हात भेटला की ओळख पटते. घाईच्या अक्षरात रेघा एकमेकींत मिसळतात, पण क्रम बहुधा टिकतो. तो ज्याच्या हातात बसला आहे, त्याला तसे अक्षरही लागते.

मोडी तर घाईसाठीच वापरलेली लिपी. देवनागरीत आपण शब्द आधी लिहितो आणि शिरोरेघ नंतर देतो. मोडीत पानभर रेघा आधी ओढतात, मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे लिहितात. शब्दांत अंतर नसते, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. तक्त्यात सुटे दिसणारे अक्षर कागदावर मागच्या अक्षरातून निघून पुढच्यात शिरते. हात कोठून निघाला आणि कोठे वळला हे ज्याला उमगते, त्यालाच ते सुटे करता येते.

क्रम म्हणजे कर्मकांड नव्हे. काही चिन्हांचा क्रम चीन व जपानमध्येही भिन्न आहे. शिवाय नुसत्या क्रमाने अर्थ कळत नाही. ‘राजश्री’साठी ‘रा’, हिजरी महिन्याच्या तिथीसाठी ‘छ’ असे संकेत आणि दप्तरातील फारसी शब्द वेगळे शिकावेच लागतात. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, हेही स्वागतार्ह आहे. परंतु संगणकावरील अक्षर एकसारखे असते. पणजोबांचे तसे नसते.

वेळ कोठे आहे, असे आपण डॉक्टर मंडळी म्हणू. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले. युद्धातील जखमींवर उपचार करता करता ते चिनी भाषा शिकले, आणि डिसेंबर १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले त्याआधी त्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवीतही होते. परक्या भाषेसाठी त्यांनी जे केले, त्याच्या तुलनेत स्वतःच्या लिपीसाठी रोजची पंधरा मिनिटे फार नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या संस्थेने रविवारचा मोडी वर्ग सुरू करावा. पहिला महिना केवळ गिरवणे असावे, तक्ता नंतर. प्रत्येक कुटुंबाने घरातील एका कागदाची छायाप्रत आणावी आणि तोच धडा समजावा. वाळवी आपल्या सवडीची वाट पाहत नाही.