आठ तासांचं प्रात्यक्षिक
वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या इंटरनेट केबल मुंबईत शिरतात. त्यांतल्या माहितीला वाट दाखवण्याचं शास्त्र अंधेरी-घाटकोपरची पोरं नोकरी सांभाळून रात्री शिकतात. नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची सीसीआयई ही त्यातली १९९३पासूनची दरारा असलेली परीक्षा. आधी १२० मिनिटांचा सैद्धान्तिक पेपर, मग आठ तासांचं प्रात्यक्षिक: २०२०पासून तीन तास आराखड्याला, उरलेले पाच उभारणी, देखभाल नि सुधारणेला. या प्रात्यक्षिकासाठी बेंगळुरू गाठायचं. सरावासाठी महागडे राउटर आता विकत घ्यावे लागत नाहीत; ईव्ह-एनजी या सॉफ्टवेअरमुळे संगणकावरच अख्खं जाळं उभं राहतं. पण नुसतं पाठांतर इथे तोकडंच. राउटर एकमेकांना वाटा कळवतात त्या बीजीपी प्रोटोकॉलमधला शेजारी राउटर का बोलेना, हे ओळखायला आपणच मांडलेलं जाळं मुद्दाम बिघडवायचं आणि पहाटेपर्यंत एकेक ओळ तपासत बसायचं.