‘घरच्यासारखी’ नको, प्रमाणपत्र हवे!

दाताच्या दवाखान्यात खुर्चीशेजारी उभी असते ती मुलगी कोण? डॉक्टर म्हणतात, “आमची मदतनीस. अगदी घरच्यासारखी!” घरच्यासारखी, म्हणूनच तिच्या कामाला ना दर्जा, ना धड पगार.

ही रीत जुनीच. 1885 मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. केल्स यांनी मॅल्विना क्युएरिया यांना मदतनीस नेमले. दवाखान्यात बाई असली की स्त्रिया सोबतीशिवाय येऊ शकत, हा त्यातला फायदा. दंतस्वच्छतेचे काम मात्र पुढे गेले. ब्रिजपोर्टला 1913 मध्ये त्याची शाळा निघाली, 1917 मध्ये आयरीन न्यूमन यांना परवाना मिळाला. शिक्षण आणि परवाना आला, तेव्हा ‘मदत’ हा व्यवसाय झाला.

आपल्या 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने डेंटल हायजिनिस्टची नोंदणी ठेवली. खुर्चीशेजारच्या मदतनीस बाईची नाही. अवजारे निर्जंतुक करणे, सिमेंट कालवणे, लाळ ओढणारी नळी धरणे म्हणे ‘बघून बघून’ येते! रक्ताळलेली सुई बोटात घुसली तर हिपॅटायटिस बी होऊ शकतो, हेही बघूनच शिकायचे का?

मैत्रिणींनो, शिकतानाही आपण राबतो, तेव्हा विद्यावेतन हवे. पहिल्या दिवसाआधी लस हवी. शेवटी कुठल्याही दवाखान्यात चालेल असे प्रमाणपत्र हवे. भरमसाट फी घेणाऱ्या वर्गाला आधी विचारा: या कागदावर नोंदणी होते का?

कौतुक पुरे. आमच्या कामाला कामाचे मोल द्या!