सगळं सेट

परवा खोपोलीला एका साखरपुड्याला गेलो होतो. अशा कार्यात मला पंख्याखालची खुर्ची मिळाली की मी जेवणाची हाक येईपर्यंत हलत नाही, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. शेजारी जुन्या ओळखीचे एक गृहस्थ येऊन टेकले. बऱ्याच वर्षांनी गाठ पडली, म्हणून विचारलं, "थोरला काय करतो हल्ली?"

"तो ना? सेट झाला."

"वा! कुठे?"

"पुण्याला."

"नोकरी की धंदा?"

"नाही हो, एकदम सेट!"

तेवढ्यात वहिनी आल्या. म्हटलं यांना तरी विचारावं. त्या म्हणाल्या, "देवाच्या दयेने सेट झाला हो भाऊजी. आता धाकट्याचं तेवढं सेट झालं की आम्ही सुटलो." मग खुद्द थोरलाच दोन्ही हातांत आइस्क्रीमचे कप घेऊन समोरून आला. "काय रे, काय चाललंय?" "मस्त काका, सगळं सेट!" मी जेवून, आहेर देऊन घरी आलो. तो मुलगा इंजिनीअर आहे, टेम्पो चालवतो, की पोळीभाजी केंद्र चालवतो, हे मला अजून कळलेलं नाही. टेम्पो चालवत असेल तर उत्तमच आहे. पण सांगा ना!

आता थोडी माहिती, म्हणजे नातवंडांसमोर पत राहते. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तीत सगळ्यात लांबलचक नोंद होती ती याच 'सेट' क्रियापदाची. ४३० अर्थ आणि साठ हजार शब्द. आपल्याकडे एवढ्या शब्दांत एक बऱ्यापैकी कादंबरी होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन' हे क्रियापद ६४५ अर्थ घेऊन पुढे पळालं. पळणारच, त्याचा अर्थच तो. त्या एका शब्दावर कोशाचे एक संपादक नऊ महिने बसून होते, असं सांगतात. सेट मागे पडला. पण ऑक्सफर्डवाल्यांनी कर्जत-खालापुरात येऊन पाहिलं नाही, एवढंच मी म्हणेन. नाहीतर पहिला नंबर हलला नसता.

मी काही इंग्रजी शब्द दिसला की काठी घेऊन धावणारा नाही. उभी हयात एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काढली. नट, बोल्ट, गॅसकेट, बेअरिंग यांना मराठी शब्द शोधत बसलो असतो तर दुपारची पाळी सुरूच झाली नसती. माझं भांडण 'सेट'शी आहे, आणि तेही जुनं आहे. स्टोअरवाल्याला एकच प्रश्न कळतो: नग किती? आणि 'सेट' हा शब्द नेमका तेवढंच सांगत नाही.

एकदा पान्यांचा सेट आला. चलनावर लिहिलेलं, 'पाने, १ सेट'. मी खोका उघडून टेबलावर ओळीने मांडले. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, आणि पुढे एकदम चौदा-पंधरा. बारा-तेराचा पाना गायब! ज्याने कधी पाना हातात धरला आहे त्याला कळेल, की अर्ध्या कारखान्याचे बोल्ट तेराच्याच पान्याने खोलतात. बाकीचे सात नसले तरी चालेल, तो एक हवा. माल घेऊन आलेला पोरगा म्हणाला, "साहेब, सेटच आहे." म्हटलं, "आठाचा सेट असतो, हे सात आहेत." तो शांतपणे म्हणाला, "मग सातचा सेट आहे." मी चलनावर लाल पेनाने 'सात नग' लिहून सही केली. मालकाचा फोन आला, की सेट लिहा, आमच्या बिलाला अडचण येते. अडचण यावी म्हणूनच तर लिहिलं होतं.

तेव्हापासून कोणी 'सेट' म्हणालं की मी मनात मोजायला लागतो.

मोजण्यासारखं आमच्याकडे हल्ली फार झालं आहे. कर्जत-चौक रस्त्याला घ्या, नाहीतर मुरबाडच्या रस्त्याला, चार पावलांवर एक प्लॉटचा बोर्ड. त्यातल्या एका एजंटशी माझी ओळख आहे, कारण आम्ही एकाच टपरीवर चहा पितो. मुंबईचं एक जोडपं त्याच्या समोर बसलं होतं आणि मी पेपरच्या आड. (मी पेपर वाचत नसतो, हेही तुम्हाला ठाऊक आहे.) "जायला रस्ता आहे ना?" "रस्ता सेट आहे मॅडम." "पाणी?" "बोअरचं सेट करून देऊ." "आणि सातबारावर पाच नावं दिसतायत, त्यांच्या सह्या?" "चार झाल्या. एक बहीण राहिलीय, ती पण सेट होईल."

मी पेपर खाली घेतला. बहीण सेट होईल म्हणजे काय होईल? तिला तिचा हिस्सा मिळेल, की साडीचोळीवर तिची बोळवण होईल? भाऊ जाऊन तिच्या पाया पडेल, की तिच्याशी कायमचा अबोला धरेल? की तिच्या नवऱ्याला कोणीतरी ढाब्यावर नेईल? एवढं सगळं महाभारत त्या दोन अक्षरांच्या पोटात, आणि समोरचे दोघं समाधानाने मान हलवतायत. त्यांना वाटलं काम झालं. एजंटला माहीत आहे की काम व्हायचंय. आणि ती बहीण तिकडे भाताच्या लावणीत गुडघाभर चिखलात उभी, तिला पत्ताच नाही की आपण सेट होणार आहोत.

म्हणून म्हणतो, हा शब्द सोयीचा आहे, पण सोय बोलणाऱ्याची. पूर्वी नोकरी लागायची, लग्न जमायचं, सौदा ठरायचा, भांडण मिटायचं, सूर जुळायचा, साडी चापूनचोपून नेसली जायची. कोणी कोणाशी काय केलं, किती वेळ लागला, हे क्रियापदातच कळायचं. सौदा मिटत नसे आणि भांडण ठरत नसे. आता सहाही कामांना एकच सेट. आमच्या घरातही तो शिरलाय. सकाळी ही म्हणाली, "दही सेट झालंय का बघा जरा." मी म्हटलं, "दही लागतं." ती म्हणाली, "लागलं असेल तर मी ताक करते, तुम्ही लेख करा."

तसा खराखुरा सेट आमच्याकडे आहे बरं का. चौकहून कर्जतला येताना कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी २००५ साली स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर'साठी आग्र्याचा किल्ला इथेच उभा राहिला. देसाई २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच स्टुडिओत गेले, तेव्हा आमच्या भागात हळहळ झाली ती निव्वळ बातमीपुरती नव्हती. आसपासच्या कितीतरी माणसांनी तिथे काम केलं होतं. त्यांच्या तोंडी 'सेट' म्हणजे मोजता येण्यासारखी वस्तू होती: इतकं प्लायवूड, इतकं पीओपी, इतके बांबू. पुढून किल्ला आणि मागून टेकू, हे त्यांना माहीत असायचं, आणि टेकू किती लागले तेही सांगायचे. असा सेट असेल तर माझी काही तक्रार नाही.

मूळ इंग्रजीत तरी हा शब्द असाच आहे का, म्हणून शोधायला गेलो आणि भलतीकडेच पोचलो. 'सेट' म्हणजे 'सिट'चं प्रयोजक रूप. आपलं बसणे-बसवणे, तसं त्यांचं सिट-सेट. म्हणजे सेट करणं म्हणजे साध्या मराठीत बसवणं! हाडवैद्य हाड बसवतो तेच. आता आमच्या 'बसणे'ला कोणी ४३० अर्थ मोजून दिलेले नाहीत, पण त्याची तब्येत काही वाईट नाही. गणपती बसतात, घसा बसतो, विश्वास बसतो, दंड बसतो, धक्का बसतो, सातशेचा शर्ट अंगात बसतो आणि तोच खर्च बजेटात बसत नाही. धंद्यात 'जम' बसला तर माणूस पेढे वाटतो, आणि 'जम' वगळून नुसता धंदा बसला तर दुकानाला कुलूप. एक अक्षरी फरक म्हणावा तर तोही नाही, दोन अक्षरांचा आहे, पण त्यात सगळं आयुष्य इकडचं तिकडे होतं. इंग्रजी बोलून हा धोका टळतो. धंदा सेट आहे म्हटलं की जम बसला की धंदाच बसला, विचारायची सोय नाही.

शिवाय आमच्या तालुक्यात 'बसणे'चा एक खास शनिवारचा अर्थ आहे. संध्याकाळच्या लोकलने पाठीला सॅक लावलेली पोरं कर्जतला उतरतात, रिक्षावाल्याशी भाडं ठरवतात आणि फोनवर ओरडतात, "अरे, बसायचं सेट आहे ना?" म्हणजे बसायचं बसवलं आहे ना! ही मंडळी रविवारी दुपारी बसलेल्या घशाने परत जातात, आणि सोमवारी आम्ही ओढ्याकाठच्या बाटल्या मोजतो. किती नग, ते मी सांगू शकतो, पण ग्रामपंचायतीला ते सेटमध्ये हवे असतील.

कोणीही सेट न करता आपला आपण बसलेला आमच्याकडे एकच, तो महडचा वरदविनायक. मूर्ती स्वयंभू. १६९० साली तळ्यात सापडली आणि १७२५ मध्ये बिवलकरांनी देऊळ बांधलं, असं सांगतात. त्याच्या दारात मात्र सगळे जण स्वतःचं काहीतरी सेट व्हावं म्हणून रांगेत उभे असतात.

आणि आता शेवटचं, जे वाचून मी चष्मा पुसला. इंग्रजीतल्या या सिट-सेटचा आपल्या संस्कृत 'सद्' धातूशी सख्ख्या चुलत्यांचा संबंध आहे. सद् म्हणजे बसणे. त्यातूनच सदन आलं, सदस्य आले, सभासद आले. गुरूच्या जवळ बसून ऐकायचं ते उपनिषद आलं. सगळे मिळून गोल बसतात ती परिषदही आली. म्हणजे नगरपरिषद, जिल्हा परिषद, साहित्य परिषद, झाडून सगळ्या. तेव्हा यापुढे कुठल्याही परिषदेत सेटिंग चालतं म्हणून कोणी बोंब मारली, तर त्यांना सांगा, भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. दोघं एकाच घरचे आहेत, येणं-जाणं राहणारच.