शिडाची होडी आणि दोन तास

लेकीकडे बर्कलीला गेले की मी खाडीकाठच्या कॅल सेलिंग क्लबात हमखास जाऊन बसते. पोहता येत नाही, त्यामुळे काठावरच! हा क्लब पूर्णपणे स्वयंसेवकांचा. शिकवणारे पगारी नाहीत. आधी शिकलेले सभासदच नवख्यांना शीड, सुकाणू समजावतात. शिवाय दर तिमाहीला प्रत्येकाने दोन तास क्लबाचं काम करायचं... होड्यांची डागडुजी, साफसफाई, पडेल ते. जन्मभर शिकवूनही मला या दोन तासांचंच मोल जास्त वाटतं.

आमच्या गल्लीतलं वाचनालय आम्ही तिघींनी २१ वर्षं चालवलं. वाचक कौतुक करायचे, पण "या, पुस्तकांना कव्हरं घाला" असं आम्ही कुणाला म्हटलंच नाही. संकोच! तिघी थकलो, कुलूप लागलं. किल्ली अजून माझ्याकडेच आहे.